तुकोगंजची मीटिंग
राऊ गावातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या मधुरिमाने दारू सोडायला मदत करणाऱ्या गटाचा नंबर मोबाइलवर शोधला आणि धीर करून फोन लावला. "रविवारी तुकोगंजला या, मॅडम. घाबरू नका, सगळे अपने ही लोग आहेत," पलीकडचा माणूस म्हणाला. मैत्रिणीकडे जाते असं घरी सांगून ती निघाली. दवाखान्यामागच्या खोलीत माणसं गोल करून बसली होती आणि एक म्हातारे गृहस्थ त्यांना चहा देत होते. ते वळले. ते तिचे वडील होते. दर रविवारी सत्संगाला जाणारे, ज्यांना दारूला शिवताना तिने कधीच पाहिलं नव्हतं ते अप्पा! त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "बेटा, तुला माझ्याबद्दल कोणी सांगितलं? तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे ती. चल, घरी जाऊन सगळं सांगतो." "मला कोणी काही सांगितलं नाही, अप्पा. मी माझ्यासाठी आलेय." अप्पा शेजारच्याला हळूच म्हणाले, "भिया, आज मी बाहेर बसतो. माझ्यासमोर पोरीला बोलता येणार नाही." ते दाराशी पोहोचले तेव्हा तिने त्यांची बाही धरली. "नका जाऊ. सुरुवात कशी करतात, तेच मला माहीत नाही." अप्पा परत फिरले, तिच्या शेजारी बसले आणि तिच्याकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी अप्पासाहेब. मी दारुडा आहे."