टपातला दीड मिलिमीटर

"टप चुकलाय," ड्राफ्ट्समन म्हणाले आणि त्यांनी गाडी टेबलावर ठेवून दिली.

लेकीचा चेहरा उतरला. वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी तिने हे मॉडेल मुद्दाम बनवून घेतलं होतं. चार महिने वाट पाहिली होती. गाडी तळहाताएवढी, खरीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याची. पण वायपरची पाती होती, सीटची शिवण होती, स्पीडोमीटरला काटा होता. जावयाने भिंग लावलं तर पेट्रोलच्या झाकणाला किल्लीचं भोकसुद्धा दिसलं.

"किल्लीचं भोक घेऊन काय करू मी? नाक-डोळे रंगवले म्हणून परक्याचा चेहरा आपल्या माणसाचा होतो का?"

जावई हसला. बाकी कुणी हसलं नाही.

ही गाडी ड्राफ्ट्समनची होती. त्यांनी ती कधी विकत घेतली नव्हती. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून काढली होती. मागे अलगद उतरत गेलेला तिचा टप बघायला लोक रस्त्यात थांबत. कारखाना कधीच बंद पडला, पण घरी कुणी आलं की टपाची गोष्ट निघायचीच. लेक ती ऐकतच मोठी झाली होती.

जेवणं झाली तरी त्यांचा राग उतरला नाही. जावयाने नजरेचा दोष असेल असं सुचवून पाहिलं आणि आगीत तेल ओतलं. शेवटी सकाळी तिघं गावाबाहेरच्या गॅरेजात गेले. तिथे एक तशी गाडी ताडपत्रीखाली उभी होती. मिस्त्रीने ताडपत्री काढली. ड्राफ्ट्समननी टेप लावली, मग खिशातला वर्नियर काढून मॉडेल मोजलं आणि मिस्त्रीच्या पाटीवर खडूने हिशेब मांडला. मॉडेलचा टप मागच्या कडेला दीड मिलिमीटर उंच भरला.

"खऱ्या गाडीत साडेसहा सेंटिमीटर," ते म्हणाले. "आता सांगा, कुणाची नजर चुकते."

लेक पेटली. आयुष्यात एक तरी वस्तू तुम्हाला बिनचूक मिळाली का, असं तिने तिथेच, मिस्त्रीदेखत विचारलं. आईच्या शिवणाला पट्टी लावली, माझ्या अक्षराला लावली, आता वाढदिवसाच्या भेटीला. निरोप पोचवायला मी बांधलेली नाही. काय ते मॉडेलवालीला तुमच्या तोंडाने सांगा. तिने त्यांना तसंच आपल्या गाडीत बसवलं.

मॉडेलवालीची खोली शिंप्याच्या दुकानावर होती. थिनरचा वास, टेबलावर चिकटपट्टीला ओळीने डकवलेले चिमुकले आरसे. पन्नाशीची बाई चिमट्याने एक दाराची मूठ बसवत होती. ड्राफ्ट्समन बोलत होते तोवर तिने मान वर केली नाही.

मूठ बसल्यावर तिने सांगितलं की, बारकावे ती फोटोवरून घेते. आकार मात्र ड्रॉइंगवरूनच, कारण फोटो फसवतो.

"ड्रॉइंग वाचता येतं तुम्हाला?"

"येतं. शिकलेय."

"मग नीट शिकला नाहीत. आकार आधी, बाकी सगळं नंतर. आकारच खोटा असेल तर तुमची ती शिवण, तो काटा, सगळा मुलामा."

"मीही तेच मानते, काका," ती म्हणाली.

या थंडपणाने ते आणखी भडकले. रेघेची किंमत काय असते ते हिला ऐकवायलाच हवं होतं. त्यांनी टपाची गोष्ट काढली.

"बाजूच्या टेबलावर एकजण होता. मी काविळीने दोन महिने पडलो, तर त्याने माझ्या टपावर लाल पेन्सिल चालवली. न विचारता. परत आलो आणि तडक साहेबांकडे गेलो. आठवड्याच्या आत त्याला घरी बसवलं. पुन्हा कुठल्या ड्रॉइंग ऑफिसात त्याला टेबल मिळालं नाही. माझ्या रेघेला हात लावलेला मी तेव्हाही खपवून घेतला नाही."

या जागी लेक नेहमी हसायची. आज ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मॉडेलवालीने चिमटा खाली ठेवला. कपाटामागून एक लांब नळकांडं काढलं, त्यातली पिवळी पडलेली शीट टेबलावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर रंगाच्या बाटल्या ठेवल्या. कोपऱ्यात ड्राफ्ट्समनची सही होती. तिने स्टीलची पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

"मोजा."

त्यांनी शाईचा टप मोजला. कागदाच्या चिठोऱ्यावर भागाकार केला. पुन्हा मोजला. मॉडेल शाईच्या रेघेशी केसभरही चुकत नव्हतं.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. "गाडी तर आत्ता मोजून आलो."

शाईच्या टपाखालून एक लाल रेघ मागे अलगद उतरत गेली होती. तिच्याकडे पट्टी न्यायला त्यांचा हात उठेना. मग लेकीनेच पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि ती रेघ मोजली. हिशेब करायला तिला वेळ लागला. गॅरेजातला आकडा तिच्या लक्षात होता. आकडा जुळला तशी तिने पट्टी आवाज न करता खाली ठेवली.

"तुम्ही ऑर्डर देताना म्हणाला होता, बाबांनी काढलेली गाडी हवी," मॉडेलवाली लेकीला म्हणाली. "मी तीच केली. रस्त्यावर धावली ती माझ्या बाबांची."