पाच ओंजळी माती

किसनराव मास्तरांनी फळा भिंतीशी तसाच सोडला आणि सगळा वर्ग अंगणातल्या लिंबाखाली आणून बसवला. जवळा बाजारच्या मिडल शाळेत हिशेब उर्दूतून शिकवायचा, असा सरकारी हुकूम होता. म्हणून अधिकाला 'जमा', उण्याला 'मनफी' आणि शून्याला 'सिफर' म्हणायचं. तेवढा हुकूम मास्तर पाळत. पुढचं सगळं ते मराठीतून आणि मातीतून शिकवत.

त्यांची रीत साधी होती. सपाट जमीन म्हणजे सिफर. दोन ओंजळी माती काढली की खड्डा पडतो, तो मनफी दोन. दोन ओंजळी वर टाकल्या की ढीग होतो, तो जमा दोन. ढीग खड्ड्यात लोटायचा आणि काय उरलं ते बघायचं. शेवटी मास्तर स्वतः वहाणेची टाच मारून जागा सपाट करत, आणि पोरांना साऱ्या हिशेबात ती टाच तेवढी मनापासून आवडे.

आज मात्र मास्तरांचं निम्मं लक्ष फाटकाकडे होतं. तिथे इब्राहीम पिंजारी कापूस पिंजायची धुनकी भिंतीला उभी करून उकिडवा बसला होता. त्याचा भाऊ जमील भादव्यात पटकीनं गेला. काल त्याचा चाळिसावा दिवस झाला, आणि जमीलचा पोरगा सादिक बाप गेल्यापासून आज पहिल्यांदाच शाळेत आला होता. इब्राहीम गाद्या पिंजायला शिरड शहापूरला निघाला होता. पोराला सोबत न्यायचं की शाळेत ठेवायचं, हे त्याला आत्ताच ठरवायचं होतं. घरी पोरगं बोलत नव्हतं, हाक मारली तरी वर बघत नव्हतं. डोकं जाग्यावर असेल तर शिकू द्या, नसेल तर उगीच काहून बसवायचं, असं तो मास्तरांना सांगून बसला होता. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, आणि तेच मास्तरांना सलत होतं.

सादिकसारखं हिशेबाचं डोकं त्यांना अख्ख्या नोकरीत दुसरं भेटलं नव्हतं. मनातल्या मनात त्यांनी त्याला मिडलच्या परीक्षेत केव्हाच पहिला आणून ठेवला होता.

आधी मसाजी उठला. धनगराघरचं अवखळ पोरगं ते. त्यानं पाच ओंजळी काढल्या, तीन परत घातल्या आणि 'मनफी दोन' म्हणून मोकळा झाला. जाता जाता शेजारच्याच्या डोक्यावर माती उडवायलाही तो विसरला नाही. मग मास्तरांनी सादिकला पुढे बोलावलं. त्याला मुद्दामच सोपं दिलं, इतकं सोपं की फाटकापाशी बसलेल्या माणसालाही उत्तर कळावं.

"पाच काढ. पाचही परत घाल. काय उरलं ते सांग."

सादिकनं माती काढली. काळी माती आतून अजून ओलसर होती. मग तो ती परत घालू लागला, आणि घालता घालता त्याचे हात मंद होत गेले. शेवटची ओंजळ रिकामी केली आणि तो तसाच बसून राहिला. पोरं कुजबुजायला लागली. सिफर एवढं म्हण रे बाबा, असं मास्तर मनातच म्हणत राहिले.

"उरती," सादिक म्हणाला.

पोरं हसली. इब्राहीम उठला आणि त्यानं धुनकी खांद्यावर घेतली. मास्तरांना पोराचा राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. ते घाईघाईनं समजावू लागले, की माती मोकळी झाली म्हणजे फुगते, दाबली की खाली बसते, हे बघ आता. आणि त्यांनी पाय उचलला.

सादिकनं मातीवर दोन्ही हात पालथे ठेवले.

"पाय देऊ नका, मास्तर," तो म्हणाला. "अब्बाला कबरीत ठेवलं तवा बी समदी माती आत घातली. चाचानं घातली, मी घातली. तरी उरली."

मास्तरांचा पाय वरच राहिला. पोरांचं हसू कुठल्या कुठे गेलं. मास्तरांनी पाय बाजूला टेकवला आणि दोन्ही वहाणा काढून मागे सारल्या. इतकी वर्षं आपण ही टाच मारत आलो, याची त्यांना लाज वाटली.

"चुकलं का त्याचं, मास्तरसाब?" फाटकातून इब्राहीमनं विचारलं.

चुकलेलं उत्तर मास्तरांनी आजवर कुणाचंही खपवून घेतलं नव्हतं, मग ते पाटलाचं पोरगं का असेना. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"न्हाई," ते म्हणाले. "बराबर हाय."

राहू द्या त्याला इथंच, असं हलक्यानं म्हणून इब्राहीम वळला.

सादिकनं पाटी पुसायच्या पाण्याची डबी उघडली. डबीत पाणी थोडंच होतं. ते त्यानं त्या एवढ्याशा उंचवट्यावर शिंपडलं, डोक्याकडून पायाकडे, त्या दिवशी मोठ्या माणसांनी शिंपडलं होतं तसं. वाटेला लागलेल्या इब्राहीमनं एकदा मागे वळून बघितलं. तो थांबला, धुनकी खाली ठेवली आणि गळ्यातला रुमाल सोडून, कबरीपाशी घेतात तसा, डोक्यावर घेतला.