बिनकेसांचा राजा

"बाजूला व्हा राणीसाहेब," कारभारी ऑडोव्हाल म्हणाला. त्याच्या हातात मेंढ्या कातरायची कात्री होती.

राणी रादेसिंदा जागची हलली नाही. समोरच्या दगडी पेटीत तिचा मेलेला नवरा, फ्रँक लोकांचा राजा, निजला होता. त्याचे कमरेपर्यंतचे केस तिनं नुकतेच विंचरून छातीवर पसरले होते. जन्मात त्यांना पातं लागलं नव्हतं. या घराण्याचं राजेपण तेवढंच उरलं होतं. बाकी राज्य सगळं कारभारीच हाकायचा. आता तेवढंही त्याला सोडवत नव्हतं.

"उद्या सगळे सरदार जमणार. मिरवणुकीच्या बैलगाडीत त्यांना लांब केसांचा राजा दिसायला हवा." ऑडोव्हालनं दाराशी उभ्या माणसाची टोपी ओढली. मठातून उचलून आणलेला राजाचा चुलतभाऊ, सिगोआल्ड. डोकं सोललेल्या सलगमासारखं. "याचे वाढेपर्यंत कोण थांबणार? मुकुटाच्या आत शिवून टाकू. मेलेल्याला काय करायचेत?"

"कातरलेल्या डोक्यानं पुरलंत तर राजा म्हणून पुरलंच नाहीत. बापजाद्यांच्या शेजारी कुठल्या तोंडानं झोपतील ते?"

"झोपतील हो. जिवंतपणी दुसरं काय केलं?"

रादेसिंदानं दाराकडे पाहिलं. पण बाहेर भालेवाले त्याचेच होते. तिनं डोक्यावरचं वस्त्र काढलं. वेणी नवऱ्याच्या केसांसारखीच पिवळीधमक, लांबीला थोडी जास्तच.

"आण इकडे ती कात्री." आजवर ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

ऑडोव्हालनं खुशीत कात्री दिली. केस कापलेली राणी म्हणजे थेट मठात. तेही काम परस्पर होत होतं.

कात्री बोथट होती. वेळ लागला. तुटलेली वेणी तिनं मुठीत घट्ट धरून ठेवली.

"आधी झाकण."

ऑडोव्हालनं मान हलवली. भालेवाल्यांनी दगडी झाकण सरकवलं, सांधे चुन्यानं लिंपले. मग तिनं वेणी त्याच्या हातात दिली.

"उद्या सगळ्यांच्या आधी तूच गुडघे टेकणार ना नव्या राजापुढे?" ती म्हणाली. "नीट टेक. माझ्या वेणीपुढे टेकतोयस."

दाराशी सिगोआल्ड फस्सकन हसला.

वेणी फेकून द्यायला ऑडोव्हालनं मूठ उघडली. मग पुन्हा मिटली.