राखाडी थर

तिसऱ्यांदा रिमूव्हर थापलं तरी राखाडी रंग जागचा हलेना. रेल्वेची इंजिनिअर मनस्विनी वैतागून केबिनच्या पायरीवर बसली. नॅरोगेजच्या छोट्या गाडीचं हे जुनं इंजिन लातूर स्टेशनासमोर मांडायचं होतं, तेही अगदी मूळच्या हिरव्या रंगात. तो हिरवा रंग या राखाडीच्या खाली दडून बसला होता.

वरचे अकरा थर कसे कांद्याच्या सालीसारखे सुटले होते. सुटणारच. साहेबाची तपासणी आली की जुन्यावरच नवा रंग फासायचा, ही इथली रीत. रंगात निम्मं रॉकेल ओतायचं आणि वाचलेला डबा मुकादमाच्या दाराखिडक्यांना जायचा. साहेब रुमालाने धूळ तेवढी पुसून बघायचे.

पट्टीने खरवडणारे नरसिंगकाका रेल्वेतलेच रिटायर पेंटर. अडुसष्ट वर्षांचे. हे काम त्यांनी मागून घेतलं होतं आणि मशीन लावू नका, एकेक थर हातानं उतरवू द्या, म्हणून हट्ट धरला होता. मनस्विनीला वाटलं, म्हाताऱ्याची हौस.

हौस कसली डोंबलाची. अठ्ठ्याऐंशी साली केबिनसाठी नेहमीच्या क्रीम रंगाऐवजी एकदाच राखाडी रंग आला होता. तेव्हा नवीनच लागलेल्या नरसिंगने रॉकेलचा थेंब न घालता अख्खा डबा केबिनला लावला. मुकादमाच्या दाराला काही उरलं नाही. आठ दिवसांत मेमो हातात पडला: रंग पातळ करून लावला, उरलेला डबा विकला. खाली साहेबाची सही. तेव्हापासून सगळी कॉलनी त्यांना डबा-नरसिंग म्हणायची. पोरीच्या लग्नात औशाचे व्याही शेषेराव भर मांडवात हसत म्हणाले होते, पाहुणे, आमच्यासाठी डबा आणला का न्हाई? मांडव हसला.

आता तोच रंग समोर होता. काका त्यावरून बोट फिरवत होते. सांगून कोण खरं मानणार?

संध्याकाळी मनस्विनीने रोजचा अहवाल लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि काकांना वाचून दाखवला. केबिनचा राखाडी थर निघत नाही. लावणाऱ्याने अक्कल गहाण ठेवून नको तेवढा जाड आणि पक्का लावला आहे. त्यामुळे काम पंधरा दिवस लांबेल.

"कोण गाढव होतं कोण जाणे," ती म्हणाली.

काकांनी पट्टी खाली ठेवली. हात लुंगीला पुसले.

"ते गाढव म्याच हाय, म्याडम."

मनस्विनीचा चेहरा उतरला. माफ करा काका, मला ठाऊक नव्हतं, असं पुटपुटत तिने पेन उघडलं आणि ती ओळ खोडायला घेतली. काकांनी चटकन कागदावर हात ठेवला.

"खोडू नका. साहेब लोकांनी माझ्याबद्दल पहिल्यांदाच खरं लिवलंय. याची एक झेरॉक्स द्या, औशाला व्याह्यांकडं घेऊन जायचीय."