कुठं म्हणू नये

घरातून निघालेल्या माणसाला "कुठं?" म्हणून विचारलं की काम फिसकटतं, यावर आमच्या सणसरच्या द्वारकाबाईचा ठाम विश्वास. पंचावन्न साली तिचा सोपान बोटीच्या डेकवरचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून परदेशी नोकरीला निघाला, तेव्हा तर तिनं महिनाभर कुणाला तो शब्दच काढू दिला नाही. सोपानही आईच्याच वळणाचा, आपणहून काही बोलला नाही. मुलूख थंडीचा की उन्हाचा तेही कळेना, म्हणून रमजान टेलरनं कोटाला लोकरीचं अस्तर लावलं आणि बाह्या अर्ध्या ठेवल्या.

निघायच्या दिवशी सगळं गाव एसटीपाशी जमलं. सोपान घोंगडी आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन गाडीत बसला. कंडक्टर त्याच्यापाशी आला आणि "कुठं" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात द्वारकाबाईनं खिडकीतून हात घालून त्याच्या तोंडात लाडू कोंबला.

"पुण्याचं फाडा," ती म्हणाली.

गाडी गेली. धुरळा खाली बसल्यावर सोपानचे वडील मोहनराव बायकोला हळूच म्हणाले, "पोरगं कंच्या देशाला गेलं गं?"

"मला काय ठावं? तुमी विचारलं न्हाय व्हय?"

"तू विचारू दिलंस कुठं?"

द्वारकाबाईनं पदरानं डोळे पुसले.



"असू द्या. आला की विचारू."