छपराखाली

राजाविरुद्धच्या बंडात हरलेला टॉर्किल लपतछपत सरदार रॉडरिकच्या गढीवर आला. टॉर्किलची आई मोरॅग तिथंच राहायची. ती रॉडरिकची दाई; लहानपणी दोघांना तिनंच दूध पाजलं होतं. रॉडरिक आता लंडनच्या राजाचा मंत्री होता.

मोरॅगनं रॉडरिकला लाडक्या नावानं हाक मारली, "रोरी, याला धरून देशील का रे?"

"वेडी आहेस का, आई? जो माझ्याकडे जेवला, त्याला माझ्या छपराखाली कुणी हात लावणार नाही." रॉडरिकनं स्वतः पेज वाढली. "टॉर्किल, लेका, माझ्या वाटचं दूध प्यायचास, आता माझी पेज पी!"

उजाडताच तो म्हणाला, "होडी तयार आहे. बाहेरपर्यंत तूच सोड त्याला, आई."

मोरॅगनं लेकाचा हात धरून उंबरठा ओलांडला.



समोर राजाचे शिपाई उभे होते, आणि मागे रॉडरिकनं आतून कडी घातली.