अठ्ठावीस फेम्टोसेकंद

विष्णुपंत उजवा डोळा चोळताना दिसले आणि राजसी दारातच थबकली. अंबरनाथच्या त्या कारखान्यात नव्या लेझरची चाचणी चालू होती. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नसे, आणि त्याची एकेक पल्स पापणी लवण्याच्या कितीतरी आधी संपलेली असे. राजसी घाईने आत आली.

“काका, गॉगल कुठाय?”

“कपाळावर.”

“कपाळावर डोळा असतो का?”

“शंकराला असतो की! आणि आपण अंबरनाथचे.” विष्णुपंत हसले. “ते सोड गं. पल्स किती वेळ टिकते ते शेवटी मोजलं मी. अठ्ठावीस फेम्टोसेकंद! सहा महिने झटत होतो.”

“डोळ्याला लागलं का?”

“छे! काही दिसलंच नाही, तर लागेल कसं?”

डोळ्याला लेझर लागल्याची नोंद झाली, की त्या माणसाला या खोलीत पुन्हा कधीच काम मिळत नसे. दोघांनाही ते ठाऊक होतं.

“डावा डोळा झाका,” राजसी म्हणाली. “आता मोजणीच्या पडद्यावरचा आकडा वाचा.”

विष्णुपंतांनी तळहात डाव्या डोळ्यावर दाबला आणि समोरच्या पडद्याकडे रोखून पाहिलं.

“अठ्ठावीस,” ते ठासून म्हणाले. “अगदी स्पष्ट. झालं समाधान?”

राजसीने फोन काढला.

“मी रिक्षा बोलावते, काका. लेझर मी आत आल्या आल्याच बंद केला. पडद्यावर आता आकडाच नाहीये.”